पाणी रोज उशिरा का येतं

प्रश्न मीच दिला होता, सोमवारी, फळ्यावर:
काल ज्या वेळी धक्क्याला पाणी भरलं
त्याच वेळी आज का नाही भरलं?
शनिवारी सव्वीस वह्या आल्या.

पंचवीस वह्यांत चंद्र होता.
एकच चंद्र, पंचवीस हस्ताक्षरांत,
'गुरूत्वाकर्षण'मधला रू सगळीकडे दीर्घ,
आणि चौघांच्या वहीत, शेवटी,
'अधिक वाचण्यासाठी येथे क्लिक करा',
शाईनं, खाली रेघ मारून, नीट.

हा चंद्र कुठे उगवतो ते मला ठाऊक आहे.
शाळेमागच्या सड्यावर रेंज लागते.
तिन्हीसांजेला मुलं कातळावर उकिडवी बसतात,
माना खाली.
पलीकडे दाभोळचे दिवे लागतात,
मधे खाडी चढत असते.
तिला कोणी काही विचारत नाही.

सव्विसावी वही अफ्रीन सोलकरची.
तिचा बाप फेरीबोटीवर दोर टाकतो.
तिनं लिहिलं होतं:
पाणी आधी वर जातं, गोवळकोटला, माझ्या फुफीकडे.
तिथे जरा बसतं. परत यायला त्याला उशीर होतो.
मग दुसऱ्या दिवशीचं सगळंच पुढे जातं.

चूक.
लाल पेन टेकवलंसुद्धा होतं मी.
पण खाली आणखी दोन ओळी होत्या:
इकडे भरलं की मी फुफीला फोन लावते.
ती म्हणते, आमच्याकडे अजून चिखलच आहे.

कागदावर लाल ठिपका पडला, तेवढाच.

"कुठून काढलंस हे?"
तिला वाटलं, चोरी पकडली.
"सर, नेटपॅक संपलेला. म्हनून इचार केला."
वर्ग हसला. मीही हसलो.
रात्री ते वाक्य टाचेत सलू लागलं,
कालवाची कवची सलते तसं,
चालताना नाही, पाय टेकवून उभं राहिलं की.

कबूल करतो, मग मीही सड्यावर गेलो,
विजेरी विझवून, कोणी पाहू नये अशा बेतानं.
टाईप केलं: धोपावे भरती गोवळकोट किती उशिरा.
आलं: गोवळकोटजवळची उत्तम हॉटेलं.
आलं: मगरी पाहायला चला, सवलत फक्त आज.
आलं: चंद्र.

बावीस वर्षं शिकवतोय.
ज्याचं उत्तर खिशात नाही असा प्रश्न
मी कधी वर्गात नेलाच नव्हता.

रविवारी धक्क्याशी बांबू रोवला.
अफ्रीननं नेलपॉलिशच्या खुणा केल्या, वीतवीतभर अंतरावर.
पंचवीसांतले सात जण आले, दोघे नुसते पोहायला.
तिकडे फुफीनं जेटीच्या खांबावर कोळशानं रेघा ओढल्या
आणि दर अर्ध्या तासानं फोन,
इतक्या मोठ्यानं
जणू आवाजालाही उलट्या पाण्यातून यायचं होतं.

पराग भाटकर, वर्गात पहिला, घड्याळ बघत म्हणाला,
"सर, पण शेवटी उत्तर काय लिहायचं?"
मी म्हटलं, थांब ना जरा,
अजून तिसऱ्या खुणेलाच लागलंय.

नऊ दिवसांची वही समोर आहे.
तिसऱ्या दिवशी बांबू वाहून गेला, तो रकाना कोरा.
पाचव्याला फुफीच्या शेजारी लग्न, फोन उचलला नाही.
कधी दीड तास, कधी दोनला दहा कमी,
अवसेच्या उधाणाला आकडा भलताच.
का, ते मला माहीत नाही.
'मला माहीत नाही' हे फळ्यावर लिहिलं
तेव्हा खडू दोनदा मोडला.

आणि आज कडेच्या समासात, पेन्सिलीनं,
खोडायच्या तयारीनंच लिहावं इतकं फिकट,
परागचं अक्षर:
गोवळकोटचा चंद्र थोडा निराळा असतो का?

साफ चूक.
मी लाल पेनाला टोपण लावतो.
उद्या त्याला फुफीचा नंबर देईन.